मांगराची किल्ली

आमच्या घराच्या मधल्या दाराच्या चौकटीला एक खिळा आहे. त्यावर बाबांचा सदरा, आईची बाजाराची पिशवी, माझी छत्री असे काहीबाही टांगलेले असते. या सगळ्याच्या खाली, अगदी लाकडाला चिकटून, एक पितळी किल्ली लोंबते. ज्या कुलपाची ती किल्ली, ते कुलूप आता राहिलेले नाही. तरी ती काढून टाकावी असे घरात कुणाला वाटले नाही, आणि मला वाटले तरी हात झाला नाही. वार्षिक अंकासाठी साहित्य द्या अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा मैत्रिणींनी कविता दिल्या, कुणी सहलीचे वर्णन दिले. मी आठ दिवस कोरा कागद घेऊन बसत होते. दर वेळी डोळ्यांपुढे ती किल्लीच येई. शेवटी म्हटले, मग तिच्याबद्दलच लिहू.

आमची वाडी मालवण तालुक्यात, कर्लीच्या खाडीला लागून आहे. एका अंगाला खाडी, थोडे चालले की दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधल्या माडांत आमची घरे. आम्ही गाबीत. बाबा रापणीवर जातात. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात टाकत नेतात आणि मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसे ओढतात. जाळे एकट्याचे नसते, होडी एकट्याची नसते, आणि तारली-बांगडे मिळाले तर तेही एकट्याचे नसतात. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. त्यामुळे ‘सगळ्यांची वस्तू’ म्हणजे काय हे आमच्याकडे शाळेत जाण्याआधी कळते. हे मुद्दाम सांगायचे कारण पुढे येईल.

आजोबांच्या वेळी होड्यांना शिडे होती. बाबांच्या तरुणपणी इंजिने आली आणि शिडे उतरली ती उतरलीच. आजोबांचे मांजरपाटाचे शीड माझ्या लहानपणी गोठ्यामागे गवताच्या गंजीवर घातलेले असे. जागोजागी ठिगळे, कडेला काळी बुरशी. पण आजोबा पावसाच्या आधी ते स्वतः झटकत, उन्हात घालत आणि पुन्हा गंजीवर पसरत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. शीड म्हणजे वाऱ्यावर चालणारी वस्तू हे मला त्या वेळी माहीतच नव्हते. माझ्या लेखी ते गवताचे पांघरूण होते.

ते खरे कशासाठी असते हे तात्यांनी दाखवले. तात्या म्हणजे वाडीतले नौदलातून निवृत्त झालेले खलाशी. सगळी वाडी त्यांना तात्याच म्हणते, मीही तेच लिहिते. 2018 च्या मे महिन्यात नौदलाच्या सहा मुली ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परत आल्या. त्या 10 सप्टेंबर 2017 ला निघाल्या होत्या. त्याआधी दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमी हे अधिकारी ‘म्हादेई’तून एकेकटे जग फिरून आले होते, आणि या दोन्ही नौका आमच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर, गोव्यात बांधलेल्या. तात्यांनी वर्तमानपत्रातले त्या सहा जणींचे चित्र कापून रापणीच्या मांगराच्या भिंतीला चिकटवले आणि म्हणाले, “गाबताच्या पोरांका शीड म्हायत नाय, ह्या लाजेचा काम.”

मांगर म्हणजे किनाऱ्यावरची आमची खोप. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी. अर्ध्या भागात रापणीची जाळी राहत, उरलेला अर्धा भाग वाडीने तात्यांना दिला. त्यांनी कुठून कुठून ओळखी काढून मुंबईच्या एका क्लबाने मोडीत काढलेल्या पाच छोट्या होड्या टेंपोतून आणल्या. ‘ऑप्टिमिस्ट’ हे त्या होडीच्या जातीचे नाव. बारावीला इंग्रजी शिकताना त्याचा अर्थ आशावादी असा कळला तेव्हा मला हसू आले, कारण तळाला तडे गेलेल्या त्या पाच होड्या पाहून आशा वाटावी असे काही नव्हते. पण तिचा जन्मच गरिबांसाठी झाला आहे. 1947 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने ती आखली. साध्या प्लायवुडच्या फळ्यांतून बाप आणि मुलगा मिळून घरच्या घरी करू शकतील, खर्च फार येणार नाही, अशी. पुढचे तोंड कापल्यासारखे चपटे, म्हणून ती न्हाणीघरातल्या टबासारखी दिसते. लांबी जेमतेम सव्वादोन मीटर. पंधरा वर्षांपर्यंतची मुले ती चालवतात, आणि मोठमोठे विजेते म्हणे यातूनच वर आले आहेत.

मी अकरा-बारा वर्षांची असताना त्यात बसले. त्या पहिल्या दिवसाचे वर्णन करायला गेले तर दुसराच लेख होईल. एवढेच सांगते, की वारा होडीला मागून ढकलतो असे मला वाटत होते, आणि तात्यांनी वारा समोर असताना नागमोडी वळणे घेत त्याच्याच दिशेने होडी कशी न्यायची हे शिकवले. शीड योग्य कोनात धरले की वारा ढकलत नाही, ओढतो. जिथून वारा येतो तिथेच आपण पोचतो. घरी येऊन आजोबांना सांगितले तर ते म्हणाले, “मगे? त्येकाच तर दर्यावर्दी म्हणतत.” त्या वर्षी गंजीवरचे शीड त्यांनी पसरले ते मी पहिल्यांदा नीट पाहिले.

पंधरा वर्षे पुरी झाल्यावर मला त्या होडीत बसता येईना. तात्यांनी मला चिटणीस केले. कारण अगदी साधे होते, माझे अक्षर बरे. एक लांब वही घेतली, तिला आम्ही रजिस्टर म्हणत असू. त्यात रविवारी कोण मुले आली, कुठली होडी कुणी नेली, शिडाला कुठे फाटले, इंजिनाला तेल किती गेले हे मी लिहीत असे. इंजिन शिडाच्या होड्यांना नव्हे, तात्यांच्या होडीला. मुले पाण्यात असली की तात्या आपल्या होडीतून मागे राहत. कुणी उलटले, वारा पडला, ओहोटीने कुणाला दर्याच्या तोंडाकडे ओढले, तर धावून जायला ते इंजिन. जुनेच, कुणीतरी देणगी दिलेले, दहा घोड्यांचे म्हणत. तात्यांचा नियम एकच होता. इंजिन चालू नसेल तर एकही पोर पाण्यात नाही.

चिटणीस झाले तशी दुसरी किल्ली माझ्याकडे आली. पहिली तात्यांकडे. आता कुलपाबद्दल सांगायला हवे. खाऱ्या हवेत कुलूप टिकत नाही. आमचे ते पितळी कुलूप खोबरेल घालून घालून चालवलेले होते, आणि त्याची कडी एकदा दाबून बसत नसे. दोनदा, कधी तीनदा जोर करावा लागे. मग आत ‘कट्’ असा आवाज येई. तो आवाज आला तर लागले, नाही तर नुसते अडकले. हे मला माहीत होते, तात्यांना माहीत होते. बदलायला हवे असे आम्ही दोघेही दर महिन्याला म्हणत होतो.

आणखी एक माणूस मांगराशी होता. ट्रॉलरवर काम करणारा नेपाळी खलाशी, वीस-बावीस वर्षांचा. आमच्या किनाऱ्यावर हंगामात नेपाळी खलाशी पुष्कळ येतात. वाडी सगळ्यांनाच बहादूर म्हणते, त्यालाही म्हणे. त्याचे नाव वेगळे होते, ते रजिस्टरमध्ये आहे. इथे लिहीत नाही. तो रात्री मांगराच्या पडवीत झोपे, त्याबदल्यात मांगराची राखण होई. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात. म्हणून तो आमच्या बाजारातल्या पाट्या मोठ्याने वाची आणि अर्थ लागला नाही की स्वतःच हसे. रविवारी मुलांच्या होड्या पाण्यात लोटायला तो न बोलावता येई. त्याला पोहता येत नव्हते, तरी कमरेएवढ्या पाण्यात उभा राही.

2024 चा गुढीपाडवा 9 एप्रिलला होता. आदल्या दिवशी, सोमवारी, सोमवती अमावास्या. बारावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. संध्याकाळी मी मांगरात शिडांच्या घड्या घालून पोत्यात ठेवल्या, जॅकेटे मोजली, रजिस्टर काढले. रजिस्टर मांगराच्या आतच फळीवर असते. म्हणजे दिवसाची शेवटची नोंद आत बसून करायची आणि मग बाहेर येऊन कुलूप लावायचे. रोजच्यासारखे लिहिले, ‘सायं. 6.40. मांगर बंद केला. कुलूप लावले.’ खाली सही. मग वही ठेवून बाहेर आले.

आईने कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी आणायला सांगितली होती. उशीर झाला होता. कुलूप कोयंड्यात घालत होते आणि फोन वाजला. मैत्रिणीचा. निकालानंतर कुठे प्रवेश घ्यायचा, अर्ज कधी निघतात, दाखले कोणते लागतात, असे काहीतरी ती विचारत होती. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा कुणी ओलांडलेला नाही. तेव्हा हे सगळे माझ्या दृष्टीने गाठीपेक्षा महत्त्वाचे. फोन खांद्याला लावून, मान वाकडी करून मी बोलत राहिले आणि बोलतच वाटेला लागले.

‘कट्’ आवाज आला होता की नाही? मी ही संध्याकाळ मनात हजार वेळा पाहिली आहे. हातात पितळेचा गार स्पर्श आठवतो. मैत्रिणीचे शब्द आठवतात. आवाज आठवत नाही.

दरवर्षी मांगराची गुढी तात्यांच्या होडीच्या डोलकाठीवर उभारत. म्हणून पाडव्याच्या सकाळी सहाला दोघे मुलगे डोलकाठी आणायला गेले आणि ओरडतच परत आले. कुलूप कोयंड्यात उघडे लोंबत होते. मोडलेले नव्हते, ओरखडा नव्हता. आत इंजिन नव्हते. दहांपैकी सहा जॅकेटे नव्हती. पाचही शिडांचे पोते, नवे दोर, स्टीलच्या कप्प्या, काही नव्हते. होड्या होत्या, डोलकाठ्या होत्या, सुकाणू होती. भिंतीवरच्या सहा मुली होत्या. फळीवर माझे रजिस्टर होते.

पाडव्याच्या दिवशी सगळी वाडी मांगरापुढे जमली. गुढी उभारायची कुणाला सुचलेच नाही, पार दहा वाजता कुणीतरी म्हातारीने आठवण केली. तोवर तपास सुरू झाला होता. तो कसा चालतो हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे प्रत्येक जण पोलीस असतो. एक म्हणाला, रात्री कुत्री भुंकली नाहीत, म्हणजे माणूस ओळखीचा. दुसरा म्हणाला, खाली चिखलात पाऊल नाही, म्हणजे खाडीकडून कोणी आलेले नाही, वाटेनेच आले. यावर तात्या एकटेच म्हणाले, “अमावास्येची भरती. रात्री बाराक पाणी पायरेक लागलेला असतला. होडी सरळ दारात येता. मगे ओहोटी लागल्यार पाऊल खंय दिसतला?” हे अगदी खरे होते, आणि भरती-ओहोटीवर ज्यांचे पोट आहे अशा पन्नास माणसांना ते सांगावे लागले, यावरूनच त्या दिवशी डोकी कशी झाली होती ते कळेल. आणि कुत्री तरी पाण्यावरच्या वल्ह्याला कुठे भुंकतात? पण कुणी ऐकले नाही.

मग प्रश्न आला किल्लीचा. तात्यांची किल्ली त्यांच्या ओसरीवर टांगलेली असे. तात्या मला म्हणाले, “बाय, तू कुलूप लावलंस मां?”

मी काही बोलण्याच्या आत बाबांनी रजिस्टर उघडून पुढे केले. बाबांना वाचता येत नाही. पण माझी सही ते ओळखतात. तिच्यावर बोट ठेवून ते सगळ्यांना म्हणाले, “आमच्या चेडवान लिवलेला हा.” त्यांच्या आवाजात काय होते ते मी कसे सांगू? आजवर कुठल्याही भांडणात, वाट्याच्या हिशेबात, सरकारी कागदात, दुसऱ्याने लिहिलेले खरे आणि आमचे तोंडचे खोटे ठरत आले होते. आज लिहिलेले आमचे होते.

मी म्हटले, “होय. लावलंय.”

मग उरला बहादूर. तो तात्यांच्या ओसरीवर पाणी प्यायला जात असे, चहाला जात असे. म्हणजे किल्ली त्याने घेतली. तो पडवीत झोपत असे. म्हणजे त्याला कळल्याशिवाय चोरी होणे नाही. तो सांगत होता, की रात्री आपण शेजारच्या गावी दशावतार बघायला गेलो होतो, पहाटे आलो, अंधारात तसाच झोपलो. साक्षीला कोण? बरोबर गेलेले दुसरे तिघे. तेही नेपाळी. तेव्हा साक्ष कसली! कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्याने त्याची पत्र्याची पेटी उघडून वाळूत ओतली. एक कंगवा, दोन विजारी, आईबापांचा फोटो, माझ्याकडून मागून घेतलेली अर्धी वही.

ठाण्यावर तात्या गेले, मीही गेले. तिथे इंजिनाची पावती मागितली. देणगीच्या इंजिनाला पावती कुठली? मग त्यावरचा नंबर मागितला. तो नंबर इंजिनाच्या पट्टीवर कोरलेला होता, आणि रजिस्टरात तो लिहून ठेवणे हे चिटणिसाचे पहिले काम. मी दर रविवारचे तेल लिहिले होते, नंबर लिहिला नव्हता. अर्ज दिला, पोच घेतली, परत आलो.

ट्रॉलरच्या मालकाने बहादूरचा हिशेब तोडला आणि मधले पैसे ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी तो जायला निघाला. जाताना आमच्या दारावरून गेला. मी विहिरीवर होते. पेटी डोक्यावर तशीच ठेवून त्याने विचारले, “दीदी, ताला आपने लगाया था ना?”

त्याच्या विचारण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच हिशेब लागत नव्हता. आपण चोरी केली नाही एवढे त्याला पक्के माहीत होते आणि माझ्या लिहिण्यावर त्याचा विश्वास होता. या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या.

मी “हां” म्हटले. तो थोडा वेळ उभा राहिला. मग “अच्छा” म्हणून गेला.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मेमध्ये निकाल लागला, पावसाळ्यात मी कॉलेजला येऊ लागले. बाबांनी पहिल्या दिवशी एस.टी.च्या थांब्यापर्यंत माझी पिशवी धरली होती. क्लब बंद पडला. इंजिन नाही म्हणून मुले पाण्यात नाहीत. दोन-चार रविवार चौदा-पंधरा पोरे मांगरापुढे येऊन बसत, तात्या त्यांना गाठी मारायला शिकवत. मग क्रिकेटचे स्टंप आले. होड्या पालथ्या घालून ठेवल्या त्यांच्यावर कोंबड्या बसू लागल्या. मी मांगराकडे जायचे टाळी. तात्या भेटले की अभ्यासाचे विचारत, एवढेच.

2025 साली पाऊस मेमध्येच आला हे सगळ्यांना आठवत असेल. 24 मेला केरळात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जिल्ह्यात. त्याच आठवड्यात मावशीकडून परत येताना मी कुडाळहून मालवणच्या एस.टी.त बसले होते. गाव सुटता सुटता रस्त्याच्या कडेला मजुरांची पाले होती. पाऊस असा, की काचेतून काही दिसेना. गाडी खड्ड्यासाठी थांबली तेव्हा मी काच पुसली, आणि एका पालाच्या छपरावर मला आमचे शीड दिसले.

शंकेला जागाच नव्हती. ऑप्टिमिस्टच्या शिडावर आय आणि ओ ही दोन अक्षरे एकमेकांत गुंतवलेली असतात. त्याखाली आय-एन-डी आणि नंबर. नंबरातला तीनचा आकडा उसवला होता तो मी स्वतः निळ्या दोऱ्याने शिवला होता, पांढरा दोरा संपला म्हणून. तो निळा तीन मला चालत्या गाडीतून दिसत होता.

पुढच्या थांब्यावर उतरून मी चालत मागे गेले. काय बोलणार होते ते ठरवले नव्हते. पालात एक बाई आणि तीन मुले होती. विजापूरकडची. तिचे मराठी तुटके, पण मला कळत होते. दोन शिडे शेजारी शेजारी तारेने ओवून छप्पर केले होते. मधे धुराने भोक पडले होते त्याला सिमेंटच्या पोत्याचे ठिगळ. तिने ते बाजारात एका भंगारवाल्याकडून घेतले होते, दोनशे रुपयांना. “चांगलं नाही,” ती आपणहून म्हणाली, “पाऊस पडला की लई वाजतं. पोरं झोपत नाहीत.” खरेच वाजत होते. शिडाचे ते कापड कागदासारखे कडक असते. त्यावर पाऊस म्हणजे पत्र्यावर खडे. सर्वांत धाकटे पोर कानांवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते.

मला तिला सांगायचे होते, की हे चोरीचे आहे. तोंडातून निघाले ते असे, की मी ताडपत्री आणून दिली तर हे मला द्याल का? ती म्हणाली, “मोठी आण.”

त्या रात्री मी तात्यांकडे गेले. त्यांच्याकडे दूरदर्शन चालू होते. ‘तारिणी’ पुन्हा जग फिरून गोव्याला आली होती, 29 मेचीच बातमी, आणि या वेळी नौकेवर दोघीच होत्या, दिलना आणि रूपा नावाच्या अधिकारी. आठ महिने दोघीच. तात्या डोळे न हलवता पाहत होते. बातमी संपेपर्यंत मी ओसरीवर उभी राहिले. मग शिडाचे सांगितले, आणि शिडाबरोबर कुलपाचेही सांगितले. आवाज आठवत नाही हे सांगितले. नोंद आधीच लिहिलेली असते हे सांगितले.

तात्या म्हणाले, “माका म्हायत होता.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. ते सावकाश बोलत होते. नोंद आत बसून होते, म्हणजे कुलपाच्या आधी होते, हे त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला? नियम त्यांचाच होता. कुलूप बसत नाही हेही ठाऊक. त्या सकाळीच त्यांना उमगले होते. “पण बाय, तेव्हा तुझा नाव घेतलंय असतंय, तर बापाशीन तुका कॉलेजात धाडल्यान नसता. लोकांनी धाडूक दिल्यानी नसता.” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि कुलूप बदलूचा माझा काम होता.”

मी विचारले, “आणि तो?”

यावर तात्या काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला, तो माझ्यापुढे ठेवला, आणि आम्ही दोघे बराच वेळ पावसाकडे तोंड करून बसलो. मला त्यांचा राग आला होता. माझ्यासाठी एवढे मोठे काही करायला त्यांना कुणी सांगितले होते? आणि लगेच वाटे, सांगायला हवे होतेच कशाला. मी विहिरीवर उभी राहून तेच तर केले होते. फरक इतकाच, की त्यांनी गप्प राहून केले आणि मी बोलून.

ताडपत्री मी माझ्या शिकवणीच्या पैशांतून घेतली. वाडीतल्या चौथी-पाचवीच्या मुलांना मी शिकवते, त्याचे साठले होते. तात्या बरोबर आले. बाईने ताडपत्री पसरून, बोटाने जाडी पाहून, मगच तार सोडली. दोन्ही शिडे घडी करताना धुराचा वास आला. तात्यांनी तो निळा तीन पाहिला आणि म्हणाले, “टाको वाकडो गेलो हा.” भंगारवाल्याने अर्थातच कानांवर हात ठेवले. इंजिनाचा पत्ता लागला नाही, लागेल असे वाटतही नाही. ते आता कुठल्या तरी होडीवर मासे आणत असेल.

घरी मी बाबांना सांगितले. ते जाळे शिवत होते, शिवतच राहिले. आई म्हणाली, आता कशाला उकरतेस. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रापणीच्या बैठकीत स्वतः उभे राहून सांगितले, की कुलूप आमच्या घराकडून राहिले. ‘आमच्या घराकडून’ असे म्हणाले. माझे नाव घेतले नाही. बैठकीत एक-दोघांनी खाली पाहिले. ज्याने थोबाडीत मारली होती तो उठून बाहेर गेला. एवढ्यावर विषय संपला. लोकांना दुसरी कामे असतात.

पुढे मांगराला नवे कुलूप आले, त्याला जुनी किल्ली चालत नाही. रजिस्टर तात्यांनी माझ्याकडेच ठेवले. 8 एप्रिल 2024 ची ओळ मला खोडायची होती. तात्या म्हणाले, खोडू नको, खाली लिही. मी खाली लिहिले, ‘वरील नोंद कुलूप लावण्यापूर्वी केलेली आहे. कुलूप लागल्याची खात्री नाही.’ पुन्हा सही. तारीख आजची घातली. आता नोंद बाहेर पडवीत बसून, कुलूप ओढून पाहिल्यावर होते.

रजिस्टरच्या मागच्या पानावर त्याचा पत्ता होता. एका रविवारी पाऊस होता, होड्या काढल्या नव्हत्या, तेव्हा त्याने गंमत म्हणून स्वतःच्या हाताने लिहिलेला. गाव, जिल्हा, नेपाळ. अक्षर माझ्याहून चांगले. त्या पत्त्यावर जुलैत मी हिंदीतून पत्र पाठवले. तीन वेळा लिहून फाडले. शेवटी गेले ते सहा ओळींचे होते. उत्तर आले नाही.

आमच्याकडे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. नेपाळी खलाशी त्या काळात गावी जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला परतू लागतात. यंदा नव्याने आलेल्या टोळीतल्या प्रत्येकाला मी जिल्हा विचारत होते. लोकांना ते विचित्र वाटले असेल. ऑक्टोबरात एक जण भेटला, त्याच जिल्ह्याचा. नाव सांगितले तसे तो म्हणाला, ओळखतो, तो आता रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला आहे, ट्रॉलरवरच. “अब तैरना सीख गया है,” असेही म्हणाला. त्याने आपल्या फोनवरून नंबर काढून दिला.

तो मी रजिस्टरमध्ये पत्त्याच्या खाली लिहून ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत लावीन असे ठरवले होते. सुट्टी संपली, सत्र सुरू झाले. परवा तात्यांनी विचारले, “लावलंस?” मी म्हटले, नाही. पहिले वाक्य काय बोलायचे तेवढे अजून ठरत नाही.

— द्वितीय वर्ष, कला